पाचवी घंटा

टॉडमॉर्डन, चौऱ्याऐंशीचा जानेवारी.
मेथडिस्ट हॉलच्या माडीवर
दर मंगळवारी आम्ही सात जण
आणि पाच कॉम्प्युटर.
पाचांची तोंडं पाच दिशांना.

आमच्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात.
इथे दोन फुटांवर बदलायची.
क्लिफर्डच्या रबरी बटणांना जे कळे
ते नेव्हिलच्या खोक्याला शिवीसारखं लागे.
माझं वेल्समध्ये बनलेलं, हप्त्यांवर घेतलेलं.
मासिकात चाळीस पानं इतरांची,
शेवटी अर्धं पान याचं,
त्यातही छपाईची चूक.

एनिड थॅकरेबाईंची हयात टेलिफोन एक्स्चेंजात गेली.
म्हणायच्या, "तीस वर्षं मी याला त्याच्याशी जोडून दिलं,
आणि ही पाच खोकी एका टेबलावर बसून
एकमेकांना ओळख देत नाहीत."
रविवारी त्या चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवायच्या.
सहा घंटा, सातशे वीस क्रम,
एकही पुन्हा येता कामा नये.
ते क्रम काढणारा प्रोग्राम त्यांनी पास्कलमध्ये लिहिला,
शाळेच्या बदामी यंत्रावर.
कंपायलर तेवढ्या एकालाच होता.

फेब्रुवारीत ऑर्मरॉड मास्तर हॅलिफॅक्सला गेले,
आणि यंत्राचं येणं थांबलं.
उरली एक कॅसेट आणि वहीतली चार पानं.
कॅसेट कुठल्याही यंत्राला लावा,
तान्ह्या पोरासारखी किरकिरायची,
कुणाच्याच मांडीवर राहायची नाही.

मी कंपनीला पत्र लिहिलं.
छापील उत्तर आलं: पास्कल लवकरच.
दुसऱ्या पत्रालाही लवकरच,
फक्त सही वेगळी.
तिसरं इतक्या नम्र इंग्रजीत लिहिलं
की बायको म्हणाली, कर्ज मागताय का?

मग मीच कंपायलर झालो.
गिरणीच्या रात्रपाळीहून आल्यावर,
स्वयंपाकघरात, चौकटीच्या वहीत,
बाईंच्या एकेका ओळीखाली
माझ्या यंत्राला पचतील असे आकडे.
"जर"ला तीन ओळी. "जोपर्यंत"ला नऊ.
उडी किती घरं मागे मारायची, ते बोटांवर.
एका पानावर बायकोने चहाचा कप टेकवला,
ते वर्तुळ अजून आहे,
मधोमध एक चुकीचा आकडा.

नवीन काही नव्हतं यात.
बारा वर्षं मी हेच करत होतो:
वाक्य आधी आत, सबंध, मराठीत,
मग तुकडे, मग जुळणी, मग बाहेर,
आणि बसचा कंडक्टर म्हणायचा,
"पुन्हा सांगा?"

मे महिन्यात चाललं.
म्हणजे टीव्हीवर आकडे धावू लागले,
नेव्हिलने टाळ्या पिटल्या, क्लिफर्डने बिस्किटं फोडली.
बाई डोळे मिटून होत्या.
क्लिफर्ड एकेक ओळ वाचून दाखवत होता,
त्यांची बोटं मांडीवर हलत होती, दोर धरल्यासारखी.
त्र्याण्णवाव्या ओळीला म्हणाल्या,
"थांबा. पाचवी दोनदा वाजली."

वाजली होती.
वजाबाकी उलटी. माझी, त्यांची नव्हे.

दुरुस्त केली तोवर जून आला
आणि वेल्सची कंपनी बुडाली.
क्लिफर्डने नवं यंत्र घेतलं, त्याला पास्कल होतं,
पण आमची कॅसेट त्यालाही कळेना.
नेव्हिलने सगळं विकून कबुतरं पाळली.

एकदा जिना उतरताना बाई म्हणाल्या,
"दर मनोऱ्यात दोर वेगळा असतो.
कुठे जड, कुठे वीतभर आखूड.
वहीतले आकडे मात्र तेच.
हातांना सवय व्हायला जरा वेळ लागतो, इतकंच."
मी म्हणालो, मग तुमचे हात म्हणजेच कंपायलर.
"कसले," त्या म्हणाल्या, "नुसता संधिवात."

वही आहे माझ्याकडे. यंत्र नाही.
रविवारी बसथांब्यावर घंटा ऐकू येतात.
मी मोजायला लागतो,
त्र्याण्णवपर्यंत पोचायचं असतं,
आणि साठ-पासष्टला
बस येते.